परबकाका पुस्तक चावून घेतात

घाटकोपरच्या एका पुस्तकांच्या दुकानात आमच्या परबकाकांना आता आत घेत नाहीत. कारण काका पुस्तकं चावतात.

म्हणजे अगदी खरोखर चावतात. लहान मुलांच्या फळीसमोर उभे राहतात, जाड पुठ्ठ्याचं एखादं चित्रांचं पुस्तक उचलतात, खिशातल्या ओल्या रुमालाने त्याचा कोपरा पुसतात आणि तो कोपरा उजव्या सुळ्याखाली धरून कचकन दाबतात. मग चष्मा कपाळावर चढवून दाताची खूण बघतात. पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटले तर रिजेक्ट. जिभेला रंग लागला तर रिजेक्ट. चावलेलं पुस्तक ते विकत घेतात, त्यात लबाडी नाही. पण बाकीची गिऱ्हाइकं बघून घाबरतात, असं दुकानदाराचं म्हणणं.

ज्या दिवशी ही बंदी आली त्या दिवशी मी सोबत होते. दुकानातला तरुण "अहो काका, हे काय करताय!" म्हणत धावत आला. काकांनी शांतपणे त्यालाच विचारलं, "ह्या पुस्तक किती वर्षांच्या पोरासाठी?"

"सहा महिने ते दोन वर्षं. लिहिलंय ना मागे."

"सहा महिन्यांचं पोर पुस्तकाचं काय करतं?"

त्याने पुस्तक उलटून मागचं कव्हर पुन्हा बघितलं.

"चावतं," काका म्हणाले. "मग तू चावून बघितलंस?"

आम्ही दोघं बाहेर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काका मात्र फुटपाथवर उभं राहून पिशवीतलं पुस्तक थोपटत म्हणाले, "गिऱ्हायकाक बोलूक येणा नाय, म्हणान आपण बोलूचा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून चारदा तरी येतं.

परबकाका विक्रोळी पूर्वेला आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. मी दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे बरोबर त्यांच्या डोक्यावर. मूळ गाव मालवणकडचं. वडील गिरणीत होते. काका मात्र इथल्याच एका कारखान्यात लागले आणि छत्तीस वर्षं एकाच खात्यात काढून रिटायर झाले. खातं इन्स्पेक्शनचं. यंत्रांचे सुटे भाग बनून आले की ते मोजायचे, ठोकायचे, भिंगाखाली धरायचे आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. छत्तीस वर्षं माणूस दिवसभर हे दोनच शब्द बोलला तर त्याचं काय होईल, ते काकांचं झालंय. काकींची आमटी, सोसायटीने बसवलेली नवी ट्यूबलाइट, टीव्हीवरचे पुढारी, सगळ्यांचा तिथल्या तिथे निकाल लागतो. वॉचमनने मिशी ठेवायला घेतली तेव्हा काकांनी ती आठवडाभर 'रिवर्क'मध्ये, म्हणजे दुरुस्तीला, ठेवली होती.

रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःहून एक काम अंगावर घेतलं. इमारतीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांनी झोपण्याआधी कुठलं पुस्तक बघायचं, हे काका ठरवतात. त्यांच्या हॉलमध्ये एक लोखंडी कपाट आहे. दुसऱ्यांच्या घरात अशा कपाटात साड्या असतात, ह्यांच्या कपाटात साठ-सत्तर चित्रांची पुस्तकं आहेत. प्रत्येकावर निळ्या शाईत 'पास' असा शिक्का आणि खाली काकांची सही.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती एका पुस्तकावरूनच. आमची मनवा तेव्हा दहा महिन्यांची होती आणि झोपायच्या नावाने रोज संध्याकाळी घर डोक्यावर घ्यायची. माझा नवरा अमित शिफ्टला. त्यामुळे हा कार्यक्रम बहुतेक वेळा माझ्या एकटीच्या वाट्याला. कुणीतरी म्हणालं, पुस्तक दाखव, शांत होतात मुलं. मी लगेच ऑनलाइन एक झकास पुस्तक मागवलं. पानाच्या कडेला बटणं, बटण दाबलं की प्राण्यांचे आवाज. मनवा शांत झाली नाहीच. उलट रात्री आठ वाजता हत्तीचं बटण शंभर वेळा दाबायला लागली.

तिसऱ्या दिवशी दारावर टकटक. दारात पांढरा बनियन, चौकटीची लुंगी, कपाळावर चष्मा. "वरती हत्ती पाळलास काय गो?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते मनवाच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होते. "बघू?" म्हणाले. पुस्तक उलटं केलं, मागचं छोटं झाकण नखाने उचकटलं, आणि तीन-चार सेकंदांत बटणासारखा चपटा, चकचकीत सेल त्यांच्या तळहातावर पडला.

"स्क्रू लावूचो इसरले," ते म्हणाले. "माझ्या नखाने निघालं. हिच्या निघालं असतं, मग हिने काय केलं असतं?"

मी मनवाकडे बघितलं. ती त्या चकचकीत सेलकडे बघत होती आणि तिचं तोंड आधीच उघडं होतं. मी मटकन खाली बसले.

काका मला ओरडले नाहीत. सेल कागदात गुंडाळला, खिशात ठेवला आणि म्हणाले, "साडेसातला खाली ये. हिला घेऊन."

त्या दिवसापासून आम्ही काकांच्या खात्यात रुजू झालो.

त्यांची परीक्षा चावण्यावर संपत नाही. आधी कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं कव्हरवर अर्धा तास, म्हणजे लाळेची परीक्षा. मग पुस्तक पाडायचं, तेही स्वतःच्या उघड्या पायावर. "माका लागला तर तिका किती लागात?" मग हातात जाड लोकरीचे मोजे घालून पानं उलटून बघायची, कारण बाळाच्या बोटांना अजून पकड नसते, मोजे घालून जे पान उलटतं तेच बाळाला उलटतं. मे महिन्यात, पंख्याखाली, लुंगीवर लोकरीचे मोजे घालून बसलेला हा माणूस पहिल्यांदा बघणारा दारातूनच परत जातो.

सगळ्यात कडक परीक्षा शेवटची. पुस्तक पन्नास वेळा मोठ्याने वाचायचं.

"पोर एकदाच ऐकून गप बसतं काय? रोज तेच आण म्हणतं. पन्नासाव्या वेळी वाचणाऱ्या आईला जांभई आली तर पुस्तकात फॉल्ट. आईत नाय."

मला हे वाक्य त्या काळात कुणीतरी सांगायला हवं होतं. मी मनवाला वाचून दाखवताना कंटाळत होते आणि स्वतःला वाईट आई समजत होते. काकांनी एका दमात मला पास केलं आणि पुस्तकाला नापास.

ही पन्नास वाचनं ऐकायची कुणी, तर मालतीकाकींनी. काकींचा स्वभाव अगदी उलटा. मऊ बोलणं, जपून हसणं. स्वयंपाकघरातून एखाद्या दुपारी आवाज यायचा, "आता पुरे करा हो, त्या सशाक पण झोप इली असतली." पण काका 'सेहेचाळीस झाले' एवढंच सांगून पुढे वाचत.

भाषेचं तर विचारू नका. एका पुस्तकात होतं, 'छोटे अस्वल आईला प्रेम करते.' काका ते वाचून ताडकन उभे राहिले. "आईला प्रेम करतं? अरे, आईवर करतं! पोर बोलायला शिकतंय आणि तुम्ही त्याला असं शिकवताय?" पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी कापून, त्यावर सुंदर अक्षरात 'छोट्या अस्वलाचा आईवर फार जीव' असं लिहून त्यांनी ती पट्टी त्या ओळीवर चिकटवली. अशा पट्ट्या त्यांच्या निम्म्या पुस्तकांत आहेत. एका म्हशीला शिंगं नव्हती, ती काढून दिलीत. एका आजीच्या तोंडी 'अरे व्वा, किती छान सूर्योदय' असं वाक्य होतं, तिथे 'उठलंस काय रे बाबा' केलंय.

आणि रिजेक्ट झालेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद प्रकाशकाला जाते. पोस्टाने. पुस्तकाचं नाव, फॉल्टची जागा, फॉल्टचं वर्णन, सुचवलेली दुरुस्ती. आम्ही सगळे हसायचो. कोण वाचतंय ती पत्रं? मग एक दिवस एका प्रकाशकाकडून पाकीट आलं. आत नव्या आवृत्तीचं पुस्तक. ज्याचे टोकदार कोपरे एका बाळाच्या डोळ्याजवळ लागले होते, त्याच पुस्तकाचे चारही कोपरे आता गोल. सोबत दोन ओळींचं पत्र: आपली सूचना योग्य वाटली, आभार.

काकांनी ते कोपरे अंगठ्याने चाचपले आणि एकच शब्द बोलले, "पास." पण त्या संध्याकाळी आम्ही इमारतीतल्या पाच बायकांनी ते पुस्तक घरोघर फिरवलं, आपल्याच घरात कुणी बोर्डात आल्यासारखं. देशभरातल्या पोरांच्या हातात आता गोल कोपरे जाणार, आणि ते आमच्या पहिल्या मजल्यावरून! मी ऑफिसात अजूनही सांगते. कुणी विचारो न विचारो.

रोज साडेसातला वाचन. काका खुर्चीवर, मुलं सतरंजीवर, आणि ज्याची पाळी ते मूल काकींच्या मांडीवर. हा नियम काकांचा आणि त्याला सूट नाही. "मांडी काकीची, आवाज माझो." पुस्तकातले सगळे प्राणी काकांच्या तोंडून मालवणी बोलतात. कावळा झाडावरून विचारतो, "खंय गेल्लंस गो?" आणि मांजर उत्तर देतं, "बाजारात!" मुलं खिदळतात, मग हळूहळू सैल होतात, डोळे जड होतात. आठ-सव्वाआठला एकेक आई येऊन आपापलं मूल आणि शिक्क्याचं एक पुस्तक घेऊन वर जाते, आणि अंथरुणात तेच परत वाचते. मनवा त्यानंतर दहा मिनिटांत झोपायची.

तिचा पहिला शब्द 'आई' नव्हता. 'बाबा' नव्हता. उशीखाली हात घालून, पुस्तक सापडत नाही म्हणून माझ्याकडे बघून ती म्हणाली, "खंय?"

अमित कराडचा. त्याने फोनवर आईला ही बातमी दिली. मग सासूबाई म्हणाल्या, "मी येते."

त्या आल्या. सासूबाई प्रेमळ आहेत, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही. पहिल्या दिवशी साडेसातला त्या माझ्याबरोबर खाली आल्या, दारात उभं राहून सगळं बघितलं. वर आल्यावर विचारलं, "त्यांची मुलं कुठं असतात?"

"त्यांना मूलबाळ नाही, आई."

"मग त्या बाईच्या मांडीवर रोज तिन्हीसांजेला पोर कशाला द्यायचं गं? माझ्या मनाला न्हाई बरं वाटत."

मी वाद घातला. अमितने घातला. सासूबाई भांडल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून सात वाजले की मनवाला कडेवर घेऊन फिरायला निघायच्या आणि साडेआठला परत आणायच्या. मला खूप काही बोलता आलं असतं. मी बोलले नाही. पाहुणी म्हणून आल्यात, पंधरा दिवसांनी जातील, असा हिशेब केला मी. आजही त्याची लाज वाटते.

खालून काकांचा आवाज रोज यायचा. कावळा विचारायचा, मांजर उत्तर द्यायचं. या फिरण्याच्या पाचव्या दिवशी शनिवार होता. दुपारी मी आमच्याकडचं पुस्तक परत द्यायला गेले. काकी भाजी आणायला गेल्या होत्या. काका मोजे घालून बसले होते.

"मनवाला सर्दी आहे," मी म्हटलं.

"चार दिवस?"

"हो."

"आणि तुझी सासू तिला रोज वाऱ्यात फिरवते, सर्दीत."

मी खाली बघितलं.

"सायली, आमच्या खात्यात एकच गुन्हा होता. फॉल्ट दिसून तो न लिवणं. बोल."

मी सांगितलं. शब्द जरा गुळगुळीत करून सांगितलं, पण गुळगुळीत करून तरी किती होणार?

काकांनी हातातले मोजे काढले. एकावर एक ठेवले. रागावतील असं वाटलं होतं मला, पण ते अगदी हळू बोलायला लागले.

"लग्नाला सात वर्षं झाली होती. चाळीत राहायचो तेव्हा. शेजारी बारसं होतं. मालतीने पंधरा दिवस खपून दुपटं शिवलं, कडेला सगळी छोटी छोटी बदकं. बारशाला गेली, पाळण्याशी वाकली, तर बाळाच्या आजीने तिचा हात धरला. 'तू नको गो,' म्हणाली. जोरात नाय, हळूच. दुपटं ठेवून घेतलं आणि हिला बाजूला केलं. घरी येऊन हिने जेवण केलं, मला वाढलं. त्यानंतर ती कुणाच्या बारशाला गेली नाय. कुणाचं पोर उचललं नाय. समोरून दुडदुडत आलं तरी हात मागे घ्यायची."

काका खिडकीबाहेर बघत होते.

"आमची दोघांची तपासणी झाली होती. तिचे सगळे रिपोर्ट बरोबर. दोष माझ्यात होता. डॉक्टरने दोघांना समोर बसवून सांगितलं. दवाखान्यातून बाहेर पडलो आणि ही माका म्हणता, 'ह्या कोणाक सांगू नकात. तुमी कारखान्यात जातास, चार पुरुषांत उठतास-बसतास. मी काय, घरातच असतंय.' आणि मी ऐकलं गो. तीस वर्षं ऐकलं. माल माझा रिजेक्ट आणि शिक्का तिच्यावर. इन्स्पेक्टर म्हणून मिरवलो आणि गप्प बसलो."

"काका..."

"रिटायर झालो त्या वर्षी तळमजल्यावरची एक चिमुरडी दार उघडं बघून आत आली. हातात पुस्तक. वाचणारं कुणीतरी हवं होतं तिला. मालती जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. पोरगी सरळ येऊन तिच्या मांडीवर बसली, खुर्चीत बसावं तशी, आणि पुस्तक उघडलं. मालतीला हात मागे घ्यायला वेळच मिळाला नाय. तास-दीड तास ती हलली नाय. पायाला मुंग्या आल्या, शेंगा तशाच. मी बघत बसलो. पोराच्या हातात पुस्तक असलं ना, की ते विचारत नाय मांडी कुणाची. दुसऱ्या दिवशी जाऊन मी सहा पुस्तकं आणली."

जिन्यात काकींच्या चपलांचा आवाज आला. काकांनी मोजे चढवले आणि पान उलटलं. मी पुस्तक टेबलावर ठेवून निघाले.

त्याच संध्याकाळी सहाला आमची बेल वाजली. दारात परबकाका. त्यांना शर्टात मी पहिल्यांदाच बघत होते. पांढरा, इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. सासूबाई हॉलमध्ये मेथी निवडत बसल्या होत्या.

"ताई, दोन मिनिटं बोलायचंय."

"बसा की, भाऊ."

"उभ्यानेच बोलतो." काकांनी दोन्ही हात मागे बांधले. कारखान्यात साहेबासमोर असेच उभे राहत असावेत. "माझ्या बायकोबद्दल लोक जे बोलतात ते चुकीचं आहे. आम्हाला मूल झालं नाही, त्यात दोष माझ्यात होता. तिच्यात काही नाही. डॉक्टरचा कागद अजून जपून ठेवलाय, हवा तर आणून दाखवतो. तुम्हाला काय शंका घ्यायची ती माझ्यावर घ्या. पोर तिच्या मांडीवर पाठवा. मी आत थांबणार नाही, बाहेर जिन्यात बसेन. तिथून वाचतो. आवाज मोठा आहे माझा, ऐकू जाईल."

सासूबाईंच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात थिजले होते. पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत सगळ्यांचे निकाल लावणारा हा माणूस, आज स्वतःचा निकाल स्वतःच्या तोंडाने एका परक्या बाईला ऐकवत होता. मला रडू आलं. आणि खरं सांगते, असा माणूस आपल्या इमारतीत राहतो म्हणून छाती भरूनही आली.

"चहा टाक गं सायली," सासूबाई कशाबशा म्हणाल्या.

"नको. साडेसातची तयारी व्हायचीय," म्हणून काका उतरून गेले.

सासूबाईंनी उरलेली मेथी निवडली. सगळी. मग निवडलेल्या पानांकडे बघत म्हणाल्या, "बाप्या माणसानं असं बोललेलं मी जल्मात ऐकलं न्हाई." थोड्या वेळाने पुन्हा, "आमच्या धाकट्या जाऊबाईला... आम्ही पण..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

साडेसातला त्यांनी स्वतः मनवाला उचललं. मी मागून. पहिल्या मजल्यावर बघते तर काका खरोखरच जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते, चष्मा पुसत.

"भाऊ, उठा. डास फोडून खातील इथं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांची वाट न बघता आत शिरल्या.

काकी सतरंजीवर बसल्या होत्या. सासूबाईंना बघून त्या गडबडीने उठायला लागल्या, पदर सावरला, हात मागे गेले.

"बसा हो, मालतीताई, उठू नका," असं म्हणून सासूबाईंनी मनवाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, नीट बसवलं, फ्रॉक खाली ओढला. "चार दिवस झोपली न्हाई नीट. तुमच्या नावानं रडती."

मनवाने मागे डोकं टेकलं आणि पुस्तकाकडे बोट दाखवलं.

काका खुर्चीत बसले. पुस्तक शेळीचं होतं. दुसऱ्याच पानाला सासूबाईंनी हात वर केला. "थांबा. शेळीची शेपूट अशी खाली लोंबती का कधी? ती वर असती. ही कुत्र्याची शेपूट लावलीय."

"हे पन्नास वेळा तपासलंय, ताई."

"आन मी चाळीस वर्षं शेळ्या पाळल्यात."

मुलं दोघांकडे आळीपाळीने बघत होती. काकांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. लांब धरलं. परत जवळ नेलं. "रिवर्क," ते शेवटी म्हणाले, आणि पेन्सिलीने समासात खूण केली. आमच्या माहितीतली त्यांची ही पहिली चूक. तेव्हापासून गुराढोरांचं प्रत्येक पुस्तक आधी कराडला जातं, सासूबाईंच्या नजरेखालून. काकांनी आमच्याकडे वर येऊन काय सांगितलं ते काकींना कळलं तेव्हा त्या दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरून बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी घावण्यांचा वास आमच्यापर्यंत आला. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी काका पुढे वाचायला लागले. शेळी डोंगरावर गेली. शेळीला करडू सापडलं. "आणि शेळी म्हणता..." इथे काका थांबले. घसा खाकरला. परत सुरू केलं, "आणि शेळी..." आवाज उमटेना. हा माणूस खोकला झालेला असतानाही कधी वाचताना अडला नव्हता.

मनवा चुळबुळली. तेव्हा काकींनी मांडी न हलवता हात पुढे केला, काकांच्या हातातून पुस्तक घेतलं, आणि त्याच्याकडे न बघताच पुढे बोलायला लागल्या. पन्नास वेळा ऐकलेलं. प्रत्येक शब्द पाठ. फक्त काकांचा गडगडाट त्यात नव्हता. काकींची शेळी हळू बोलत होती, कुणाच्यातरी कानात सांगावं तशी. मुलं एकेक करून आडवी झाली. काका खुर्चीत मान खाली घालून ऐकत होते.

गोष्ट संपली तेव्हा मनवा गाढ झोपली होती. मी तिला घ्यायला वाकले, तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात धरला.

"राहू दे गं तिथंच थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "चांगली झोपलीय."